पात्र तशी तबकडी

आमच्या केमिस्टसाहेबांची अन् माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात नवा हंगामी कारकून, हजेरीच्या कागदावर त्यांची सही घ्यायला गेलो होतो. त्यांनी मान तिरकी करून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमचं गाणं न्हाय. दोन गाण्यांच्या मधी रिकामी रेघ असती बघा, सुई नुसती सरकत जाती. ते तुम्ही." आणि सही करून कागद माझ्या हातात दिला. मला वाटलं, ऊन लागलं असेल. दिवसही तसेच होते.

कारखाना साखरेचा, पण ढोकीचा मोठा तो नव्हे. आमचा त्याहून लहान, कळंबच्या रस्त्याला, आता नावालाही उरलेला नाही. साहेब तिथं साखर शिजवण्याच्या खात्यावर केमिस्ट. मूळचे उमरग्याकडचे, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि संतापले की "अय्यय्य शिवा!" साखरेचं शिक्षण कानपूरला झालेलं. तिथला होस्टेलवरचा जोडीदार परदेशी गेला आणि जाताना एक लोखंडी ट्रंक यांच्या गळ्यात मारून गेला. ट्रंकेत इंग्रजी बँडच्या लाँगप्ले तबकड्या. विजेवरच्या गिटारी, ढोलांचा दणदणाट आणि केस वाढवलेली पोरं घसा फाडून ओरडतायत. याला रॉक म्हणतात हे मला साहेबांनीच सांगितलं. कव्हरं बघाल तर डोकं धरून बसाल. एकावर छत्री धरलेला बैल, दुसऱ्यावर नुसतंच उघडं दार. त्या गाण्यांतलं निम्मं इंग्रजी साहेबांना कळत नव्हतं, पण त्याची त्यांना लाज वगैरे अजिबात नव्हती. "शब्द ऐकायचेच न्हाईत," ते म्हणायचे. "शब्द काय, कुणीबी लिहितंय."

त्यांचं म्हणणं असं की गोष्टीतल्या प्रत्येक पात्राचं गाणं कुठल्या ना कुठल्या तबकडीत आधीच वाजवून ठेवलेलं असतं. ते हुडकून काढणं हेच खरं वाचन, बाकी सगळी पानं उलटण्याची हमाली. कारखान्याच्या वाचनालयातली एकही कादंबरी त्यांनी धड सोडली नाही. समासात शिसपेन्सिलीनं खुणा: 'इथे बैल, दुसरी बाजू, तिसरे.' 'सासू येते. दार, पहिली बाजू, ढोल सुरू झाल्यापासून.' पुढं ते पुस्तक शेती खात्यातल्या कुणाच्या तरी बायकोच्या हाती पडायचं. ती बिचारी नायिकेसाठी डोळे पुसायला पदर हातात घ्यायची आणि समासात बैल निघायचा. वाचनालयाच्या माणसानं एकदा तक्रार केली तर साहेब त्यालाच म्हणाले, "वाचणाऱ्याची सोय केली, तर तुमी मलाच बोलताव?"

पॅनवर साखर शिजत असली की ते काचेवर थेंब घेऊन उजेडात धरत आणि दाणा धरला की नाही ते बघत. तेवढं काम मात्र उत्तम करायचे, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण तीच भाषा गाण्याला. आठ-आठ मिनिटांचं गाणं, त्यात मधेच गिटारवाला एकटाच पिसाटल्यासारखा वाजवत सुटलेला, आणि साहेब बोट वर करून म्हणणार, "ऐका. आता दाना धरतंय. धरला! धरला का न्हाय?" आपण म्हणायचं, व्हय साहेब, धरला. नाही म्हटलं तर ते गाणं पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागे.

तबकडीला हात लावण्याआधी हात धुवायचे, हा त्यांचा आणखी एक सोवळेपणा. एरवी कुणाचं काय जात होतं? पण त्या वर्षी पावसानं तोंड काळं केलेलं, कॉलनीत टँकरचं पाणी, घरटी मोजके हंडे. वहिनींचा आवाज तिसऱ्या क्वार्टरपर्यंत यायचा, आणि सगळ्यांना कळावं म्हणून मुद्दाम मराठीतून. "प्यायला पानी न्हाय अन् ह्यांना बैलासाठी तांब्याभर पायजे!" मग साहेब हात धुतलेलं पाणी तुळशीला घालायचे आणि वहिनींकडं अशा नजरेनं बघायचे की जसं काही सगळा दुष्काळ हटवला.

तर गणपतीतलं नाटक. कारखान्यात दरवर्षी कामगार नाटक करायचे, प्रमुख पाहुणे दरवर्षी चेअरमनसाहेबच. त्या साली कॉलनीतल्या शाळेच्या गुरुजींनी स्वतःच लिहिलं होतं. गावात दुष्काळ, आणि रावसाहेब नावाचा बडा माणूस एकुलत्या एका भरलेल्या विहिरीला कुलूप घालतो. तिसऱ्या अंकात त्याला पश्चात्ताप होतो आणि तो किल्ली गावापुढं टाकतो. रावसाहेब मी. मला निवडण्याचं कारण माझा अभिनय नव्हे. कोट माझ्या अंगाला बसत होता.

पार्श्वसंगीत अर्थातच साहेब. गुरुजींना पेटी-तबला हवा होता, पण साहेबांनी ट्रंक उघडली आणि पेटी-तबला बाजूला पडला. एकेका पात्रासाठी आठ-आठ दिवस तबकड्या चालल्या. नायक होता ऊस पुरवठ्याचा सुपरवायझर, मिशा पिळणारा. त्याला साहेबांनी कुठलंसं बासरीसारखं पिचकं काहीतरी दिलं. तो भांडायला आला.

"साहेब, मी हिरो हाय. रावसाहेबाला एवढा ढोल अन् मला हे मांजर?"

"तुमच्या पात्रात काई न्हायच हो," साहेब शांतपणे म्हणाले. "चांगला मानूस हाय, एवढंच. त्याला मी काय करू?"

लातूरहून आणलेल्या नटीबाईंशी तर रोज कटकट. त्यांच्या मरणाला साहेबांनी नुसत्या ढोलांचा एक लांबलचक तुकडा काढला होता. बाई म्हणाल्या, "अहो, एवढा वेळ मी मरू कशी? लोक उठून जातील!" साहेब म्हणाले, "सावकाश मरा. घाई कशाची?" शेवटी बाईंनी दोनदा मरायचं कबूल केलं, एकदा पडून आणि एकदा थोडं उठून.

पण रावसाहेबाचं गाणं, ते मात्र मानलं पाहिजे. बैलाच्या तबकडीतलंच. आधी एकटा ढोल, लांबून कुणी बडा माणूस सावकाश चालत यावा तसा, धाड... धाड-धाड... मग खालच्या पट्टीतली गिटार घुमायला लागायची आणि अंगावर काटाच यायचा, खोटं कशाला बोलू? तालमी महिनाभर कर्ण्यावरून चालल्या. त्यामुळं नाटकाआधीच ते अख्ख्या कॉलनीला पाठ. पाण्याच्या रांगेत टँकरचा मुकादम दिसला की बाया हंड्यांवर वाजवायच्या, धाड... धाड-धाड, आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. पाणी अडवणारा माणूस म्हणजे ते गाणं, एवढं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आता घडलं ते नीट सांगतो, कारण पुढं त्याच्या पन्नास कहाण्या झाल्या. साहेबांचं तबकड्या वाजवायचं यंत्र स्टेजच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाला ठेवलेलं होतं. उघड्यावर ठेवलं तर माइक शिट्ट्या मारायचा. तिथून साहेबांना ना स्टेज दिसे, ना लोक. ते कानावर चालत. माझ्या प्रवेशाची खूण गुरुजींनी ठरवून दिलेली होती. स्टेजवरचे गावकरी बोलत बसलेले, रावसाहेब येतो म्हटल्यावर सगळे धडपडून उठतात, आणि एकदम चिडीचूप. आधी धडपड, मग शांतता, की सुई टेकवायची.

आणि आमच्या चेअरमनसाहेबांची रीत अशी की वेळेवर यायचंच नाही. कार्यक्रम सुरू होऊन रंगायला लागला की मोटार यायची. मग अख्खा मंडप उठून उभा राहायचा, स्टेजवरचे हात जोडायचे, हार व्हायचा आणि मग पुढचं. त्या दिवशी मी विंगेत कोट घालून उभा, गावकऱ्यांची बडबड चालू, आणि मंडपाच्या तोंडाशी चेअरमन दिसले. सगळ्या लोखंडी खुर्च्या खडखडल्या. माणसं धडपडून उठली. आणि एकदम चिडीचूप.

धाड... धाड-धाड...

चेअरमन हात जोडून मधल्या वाटेनं येतायत आणि पाऊल बरोबर ढोलावर पडतंय. मी विंगेतून बघतोय, माझं गाणं आणि चालतंय कोण! पहिल्यांदा बायांच्या बाजूनं एक फुसका आवाज आला. मग कुणीतरी खुर्चीच्या पत्र्यावर ताल धरला. मग जे हसू फुटलं ते पुढच्या ओळीतल्या डायरेक्टरांनाही आवरेना. रुमालात तोंड खुपसून बसले सगळे. त्यात खरी गोम अशी की त्या उन्हाळ्यात चेअरमनांच्या मळ्यातल्या बोअरवर खरोखरच पहारा होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं पण बोलायची कुणाची छाती नव्हती. ती छाती बैलानं केली. गिटार सुरू झाली तेव्हा चेअरमन खुर्चीवर टेकले होते. हसत होते. त्यांचं ते हसू मला काही बरं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना बंगल्यावर बोलावणं. काय झालं ते साहेबांनीच येऊन सांगितलं. चेअरमन चहा देऊन एवढंच म्हणाले, "केमिस्टसाहेब, झालं ते चारचौघांत झालं. येत्या सर्वसाधारण सभेत माइकवर यायचं, चूक झाली म्हनायचं, माफी मागायची. न्हायतर क्वार्टर मोकळं करा अन् गावाकडं जावा. कारखान्याला केमिस्ट लई मिळतेत."

यात अडचण ती काय? चूक तर खरोखर झाली होती. खुर्च्यांचा आवाज स्टेजवरचा समजून त्यांनी सुई टेकवली होती. "नजरचुकीनं लागलं" म्हटलं की मिटलं. पण नाही. साहेब मलाच विचारतात, "तबकडी चुकली कशावरून? पात्र आलं, गाणं लागलं. नेमकं जुळलं का न्हाय, सांगा." मी कपाळावर हात मारला. म्हणजे बघा, या गृहस्थाला चेअरमनच्या विरोधात काडीचंही काही म्हणायचं नव्हतं. त्यांचा राग नव्हता, लोभ नव्हता. फक्त आपण निवडलेलं गाणं चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. त्यापायी हा माणूस भर दुष्काळात बायकापोरांसकट रस्त्यावर यायला तयार. गावाकडच्या विहिरी आटलेल्या, मुलगी मॅट्रिकच्या वर्गात, कारखान्याचं धुराडं यंदा पेटतं की नाही याचाच पत्ता नाही, आणि यांची आपली तबकडी!

वहिनी एरवी भांडायच्या, त्या वेळी भांडल्या नाहीत. माझ्याजवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ऐकतेत ते. पोरीचं वर्ष तेवढं निघू द्या म्हनावं." माझं कुठलं ऐकतायत? मी तर रिकामी रेघ. पण वहिनींचा तो आवाज ऐकून मला साहेबांचा असा संताप आला की ट्रंक उचलून रस्त्यावर फेकावी वाटली.

त्यात कामगार पुढारी हार घेऊन आले. त्यांना वाटलं, आपल्याला वाघ सापडला. "साहेब, तुमी त्या हुकूमशहाला आरसा दावला!" साहेबांनी त्यांनाही मान तिरकी करून न्याहाळलं. "कुठला आरसा? मी काय केलं न्हाय. अन् तुमचं गाणं म्हनाल तर ते सुरुवातीलाच मोठ्यांदा वाजतंय, पुढं त्याला काई सुचत न्हाय." पुढारी हार परत घेऊन गेले. पुढं तो गणपतीला घातला असं ऐकलं.

सभेच्या आधीचे सगळे दिवस साहेब दार लावून तेच गाणं ऐकत बसले. पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून. कॉलनीला वाटलं, माणूस गेला कामातून. आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी दार उघडून बाहेर आले ते चेहरा असा उजळलेला, जणू जावई पसंत केला. म्हणाले, "चूक माझीच. मान्य. उद्या माफी मागतो."

वहिनींनी देवापुढं साखर ठेवली. मी तर उडीच मारली. कशी चूक, कुठं चूक, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. बुद्धी गहाण ठेवल्यासारखे आम्ही सगळे त्यांच्या पाठीवर थाप मारत होतो.

सहकारी कारखान्याची सर्वसाधारण सभा तुम्ही पाहिली नसेल तर काय सांगावं! मांडवाखाली सभासद, पटके, टोप्या, अडकित्त्यांची कटकट. व्यासपीठावरून सेक्रेटरी विषय वाचणार, त्यातला एक शब्द कुणाला कळणार नाही, आणि वाचून संपला की सगळे एका सुरात हात वर करून "मंजूर! मंजूर!" अहवाल, मंजूर. पोटनियमात बदल, मंजूर. पुढं चेअरमनांची माणसं बसलेली असत. ती ओरडली की मागचे ओरडत, आणि ते ऐकून झोपलेले ओरडत. त्या दिवशीही हेच चाललं होतं. आणि मधेच सेक्रेटरी म्हणाले, "आता आपले केमिस्टसाहेब दोन शब्द बोलतील."

साहेब माइकपुढं उभे राहिले. हात धुऊन आले होते, मनगटं ओली दिसत होती. बायांच्या बाजूला वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. मी सभासदांच्या मागं भिंतीशी उभा. माझ्या नावावर उसाचं एक कांडंही नाही, पण मला तिथून हलवेना.

"गणपतीत मी एक तबकडी लावली," साहेब म्हणाले. "ती चेअरमनसाहेब येताना लागली. ती चूक होती. मी तुमची अन् त्यांची माफी मागतो."

चेअरमन प्रसन्न झाले. पुढच्या ओळीतला एकजण ओरडायला तोंड उघडणार, तोच साहेबांनी बोट वर केलं. ते बोट मी ओळखत होतो. मनात म्हटलं, मेलो.

"चूक कशी झाली तेवढं सांगतो, म्हंजी मागं कुनाला शंका नको. ते गाणं रावसाहेबाचं हाय. रावसाहेब पानी अडवतो. तितपत दोघांचं जुळतंय, म्हनून मला आधी चूक दिसलीच न्हाय. पन मी परत परत ऐकलं. त्या गाण्यात शेवटाला ढोल बंद होतो अन् गिटार एकटीच रडती. रावसाहेबाला पश्चात्ताप होतो ना, तो मानूस तिथं हाय. तो कुलूप काढतो, किल्ली टाकतो. तेवढ्यासाठीच मी त्याला ते दिलं होतं. आता चेअरमनसाहेबांचं म्हनाल, तर त्यांच्यात ते मला कुठंच ऐकू येत न्हाय. लई शोधलं. म्हनून ते गाणं त्यांना शोभत न्हाय. त्यांच्या मानानं ते लई मोठं हाय. मी उगाच त्यांना लावलं. तरी माफी असावी."

आणि दोन्ही हात जोडले. अगदी मनापासून. डोळ्यांत पाणीच आलं होतं हो त्यांच्या, चुकलेल्या गाण्याबद्दल!

मांडवात अडकित्तेसुद्धा थांबले. सेक्रेटरी चेअरमनांकडं बघतायत, चेअरमन समोर बघतायत, हसू तेच पण त्यातला जीव गेलेला. पुढच्या ओळीतल्या त्या माणसाचं तोंड मघापासून उघडंच होतं. त्याला वाटलं असणार, बोलणं संपलं, हात जोडले, म्हणजे आपलं काम आलं. त्यानं हात वर केला.

"मंजूर!"

"मंजूर! मंजूर!" मागचे ओरडले. टोप्या ओरडल्या, पटके ओरडले, झोपलेले जागे होऊन ओरडले. मग काय मंजूर झालं ते हळूहळू एकेकाच्या डोक्यात शिरलं, आणि मला वाटलं आता थांबतील. थांबले नाहीत. उलट आवाज वाढला. जे कधी ओरडत नसत ते म्हातारे सभासद उठून उभे राहिले आणि हात वर करून, चेअरमनांकडं बघून, "मंजूर!" बायांनीही हात वर केले. वहिनींचा हात वर होता. मी सभासद नव्हतो, तरी घसा बसेपर्यंत ओरडलो.

साहेब खाली उतरून माझ्याजवळ आले, काळजीत होते. "काय हो, माफी कमी तर न्हाय ना पडली?" मी म्हटलं, न्हाय साहेब, भरपूर झाली.

नोकरी राहिली. भर सभेत माफी मागितलेल्या माणसाला काढायचं कोणत्या तोंडानं? मॅट्रिकच्या पोरीसाठी क्वार्टरही वर्षभर राहू दिलं. पण साहेबांची बदली केली ऊस नोंदणीच्या गट ऑफिसात, भूमच्याही पलीकडं, जिथं अजून वीज पोचली नव्हती. ते मुद्दाम होतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तरी ट्रंक घेऊनच निघाले. मी एसटीवर पोचवायला गेलो. म्हटलं, साहेब, तिथं यंत्र चालायचं न्हाय हो, कसं करणार तुम्ही?

"बरं झालं की," ते म्हणाले. "चेअरमनसाहेबांसाठी नेमकं गाणं कोणतं, ते राहूनच गेलंय बघा. एवढा मोठा मानूस अन् त्याला गाणं न्हाय म्हंजे काय? तिथं निवांत बसून विचार करतो."

एसटी सुटली. साहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढली, तिरकी केली, आणि माझ्याकडं बोट करून ओरडले, "तुमचंबी बघतो!"